सालिम अली : पक्षिनिरीक्षणातून धोरणाकडे, आणि भरतपूरचा धडा

नवी दिल्ली : भारतात वन्यजीव संरक्षणाचे निर्णय शास्त्रीय निरीक्षणांवर आधारले जावेत, हा आग्रह रुजविण्यात डॉ. सालिम अली यांचा वाटा मोठा आहे. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताहाच्या समारोपाचा दिवस असतो.

मुंबईत १८९६ मध्ये जन्मलेल्या सालिम अली यांचे आईवडील लवकर वारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. बालपणी छर्‍याच्या बंदुकीने टिपलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख पटवून घेण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि सचिव मिलार्ड यांनी त्यांना तेथील पक्षिसंग्रह दाखविला. पुढे बर्लिनमध्ये त्यांनी एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे प्रशिक्षण घेतले. परतल्यावर नोकरी नसल्याने ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहिले. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अनेक घरटी बांधतो आणि मादी त्यांतून निवड करते, हे त्यांनी नोंदविले. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले.

राजस्थानातील भरतपूर हे त्यांच्या कार्याचे महत्त्वाचे केंद्र ठरले. संस्थानिकांच्या शिकारीसाठी राखलेली ही पाणथळ जागा स्वातंत्र्यानंतर शेतीखाली आणण्याची मागणी होत होती. ती टिकावी यासाठी सालिम अली यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्यापर्यंत प्रयत्न केले. सोसायटीने येथे पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविण्याचा प्रकल्प राबविला, तेव्हा बिहारमधील मीरशिकार समाजाचे पक्षी पकडण्याचे पारंपरिक कसब संशोधनाच्या कामी आले.

मात्र याच भरतपूरने संरक्षणाच्या विचाराची कसोटीही पाहिली. गुरांच्या चराईमुळे अभयारण्याची हानी होते, असे सालिम अली यांचे मत होते. १९८२ मध्ये केवलादेव राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि चराईवर बंदी आली. पिढ्यान् पिढ्या तेथे म्हशी चारणार्‍या गावांनी विरोध केला. संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात काही ग्रामस्थांना प्राण गमवावे लागले.

त्यानंतर सोसायटीच्याच शास्त्रज्ञांच्या दीर्घ अभ्यासातून वेगळे चित्र समोर आले. म्हशी पाण्यातील गवत खाऊन ते आटोक्यात ठेवत होत्या. बंदीनंतर गवत माजले, मोकळे पाणी कमी झाले आणि पाणपक्ष्यांची संख्या घटली. अभ्यासाचा अंतिम अहवाल १९९१ मध्ये आला, तेव्हा सालिम अली हयात नव्हते. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले होते.

अधिकारी विद्वानाचे मतही क्षेत्रीय अभ्यासाने तपासले जावे आणि गावकर्‍यांचा अनुभव त्या तपासणीचा भाग असावा, ही भरतपूरची शिकवण आहे. पुढे तेथील सायकलरिक्षाचालकांना पक्षिमार्गदर्शक म्हणून प्रशिक्षण मिळाले आणि विलायती बाभूळ काढण्याच्या कामात आसपासची गावे सहभागी झाली. २००२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यातील दुरुस्तीने समुदाय राखीव क्षेत्रांचीही तरतूद झाली.

सालिम अली यांना १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले आणि १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले. गोव्यातील चोडण बेटावरील पक्षी अभयारण्यास त्यांचे नाव आहे. आयुष्यभर त्यांनी निरीक्षणाला प्रमाण मानले. त्यांच्या एका मताची दुरुस्तीही त्यांच्याच संस्थेच्या निरीक्षणांनी केली.