विश्लेषण : ५२ भागांचा सिंह ७५ मिनिटांत... ओसामु तेझुका यांनी मालिकांचे चित्रपट कसे केले?

लांबलचक अ‍ॅनिमे मालिका कापून तिचा दीड-दोन तासांचा चित्रपट करणे ही जपानमध्ये आता नेहमीची गोष्ट आहे. आवडता प्रसंग गाळला म्हणून चाहत्यांनी चिडणेही नेहमीचेच. टीव्ही अ‍ॅनिमेच्या अगदी पहिल्या वर्षांत हा प्रयोग करणारे ओसामु तेझुका मात्र त्याआधी स्वतः तीनदा कापले गेले होते. एकदा सहलेखकाकडून, एकदा चित्रपट कंपनीकडून आणि एकदा अमेरिकी टीव्ही कंपनीकडून.

तेझुका कोण होते?

जपानी चित्रकथा म्हणजे मांगा आणि टीव्हीवरील अ‍ॅनिमे या दोन्हींना आज जे रूप आहे, त्यात सर्वांत मोठा वाटा तेझुका यांचा मानला जातो. जन्म ३ नोव्हेंबर १९२८, ओसाका प्रांतातील तोयोनाका येथे. बालपण जवळच्याच ताकाराझुका गावात गेले. वडिलांकडे घरगुती प्रोजेक्टर होता, त्यावर घरीच डिस्नेचे आणि चॅप्लिनचे छोटे चित्रपट पाहायला मिळत. मुलाला किड्यांचे वेड. इतके की, आपल्या नावाच्या लेखनात त्याने ‘मुशी’ म्हणजे किडा हे चिन्ह जोडून घेतले. पुढे स्टुडिओ काढला, त्याचेही नाव ‘मुशी प्रॉडक्शन’.

युद्धकाळात त्यांना कारखान्यात राबावे लागले. एप्रिल १९४५मध्ये, बॉम्बहल्ल्यांनी होरपळलेल्या ओसाकातील एका चित्रपटगृहात त्यांनी ‘मोमोतारो’ हा पूर्ण लांबीचा जपानी अ‍ॅनिमेशनपट पाहिला. चित्रपट नौदलाच्या प्रचाराचा होता, पण तेझुका यांच्या मनात राहिले ते हलणारे चित्र. एक दिवस आपणही असा चित्रपट करायचा, हे तिथे ठरले. पुढे ते वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाले, परवानाही मिळवला. पण दवाखाना काही थाटला नाही.

पहिली कात्री कोणी चालवली?

१९४७मध्ये ‘शिन ताकाराजिमा’ म्हणजे ‘नवे खजिन्याचे बेट’ हे त्यांचे पुस्तक आले. कथा साकाई शिचिमा या ज्येष्ठ चित्रकाराची, चित्रे तेझुका यांची. पुस्तकाच्या चार लाख प्रती खपल्या असे सांगितले जाते. युद्धानंतरच्या कागदटंचाईच्या काळात हा आकडा थक्क करणारा होता.

तेझुका यांनी मुळात सुमारे अडीचशे पाने काढली होती. साकाई यांनी त्यातली साठेक पाने गाळली. पुस्तक गाजले तरी तेझुका यांना ते सलत राहिले. किती सलले असेल? आपल्या समग्र साहित्यात या पुस्तकाचा समावेश करायची वेळ १९८४मध्ये आली, तेव्हा त्यांनी जुनी आवृत्ती छापू दिली नाही. ३७ वर्षांनी ते पुस्तक त्यांनी नव्याने काढले.

स्वतःच्या कामावर मात्र ते स्वतःच निर्दयपणे कात्री चालवत. १९५१च्या ‘येणारे जग’ या विज्ञानकथेसाठी त्यांनी छापलेल्या पानांच्या दुपटीहून अधिक पाने काढली आणि बाकीची बाजूला ठेवली. म्हणजे कापण्याला त्यांचा विरोध नव्हता. कात्री कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न होता.

वानरराजाच्या चित्रपटात काय बिनसले?

‘माझा सोन गोकू’ ही तेझुका यांची चित्रकथा १९५२ ते १९५९ अशी सात वर्षे मासिकातून चालली. चिनी पुराणकथेतील वानरराजाची ही गोष्ट तोएई या कंपनीने चित्रपटासाठी घेतली आणि १९६०मध्ये ‘साइयुकी’ प्रदर्शित झाला. दीर्घ मालिकेचे चित्रपटात रूपांतर कसे होते, हे तेझुका यांनी इथे आतून पाहिले.

गोकूची वाट पाहणारी त्याची मैत्रीण शेवटी मरावी, असा त्यांचा आग्रह होता. पराक्रम करून परतलेल्या नायकाला रिकामे घर दिसावे. मुलांच्या चित्रपटात असा शेवट नको, असे कंपनीचे मत पडले आणि मैत्रीण जगली. कंपनीचा हिशेब व्यवहाराला धरून होता, हेही मान्य करायला हवे. पण पुढच्याच वर्षी, १९६१मध्ये, तेझुका यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारायला घेतला.

स्वस्तातल्या मालिकेची किंमत कोणी मोजली?

१ जानेवारी १९६३ रोजी फुजी टीव्हीवर ‘तेत्सुवान अ‍ॅटम’ सुरू झाली. जगाला ती ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ म्हणून माहीत आहे. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा अ‍ॅनिमेशन भाग ही त्या काळी अशक्य वाटणारी गोष्ट होती. तेझुका यांनी ती शक्य केली ती काटकसरीने. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. त्यांतल्या तीन-तीन चौकटींना एकच चित्र वापरायचे. पात्र बोलताना फक्त ओठ हलवायचे. उडणारा, धावणारा अ‍ॅटम एकदा काढला की ती चित्रे जपून ठेवायची आणि पुढच्या भागांत पुन्हा वापरायची. या साठ्याला स्टुडिओत ‘बँक’ म्हणत.

त्यांनी एका भागाची किंमत साडेपाच लाख येन इतकी कमी लावली, असे सांगतात. नेमक्या रकमेवर पुढे बराच वाद झाला. भाग करायला येणारा खर्च मात्र विक्रीच्या किमतीपेक्षा बराच जास्त होता. तूट भरून निघायची ती चॉकलेटबरोबर मिळणाऱ्या अ‍ॅटमच्या स्टिकरसारख्या व्यापारी हक्कांतून आणि तेझुका यांच्या मांगाच्या कमाईतून. अमेरिकेच्या ‘एनबीसी’शी ५२ भागांचा, भागाला दहा हजार डॉलरचा करार झाला, तेव्हा स्टुडिओला मोठा आधार मिळाला.

एकदा तयार झालेल्या भागातून दुसऱ्यांदा पैसे मिळवणे ही अशा स्टुडिओची गरजच होती. जुलै १९६४मध्ये ‘अ‍ॅटम : अंतराळाचा वीर’ हा ८७ मिनिटांचा चित्रपट निक्कात्सु कंपनीने प्रदर्शित केला. त्यासाठी मालिकेतले ४६, ५६ आणि ७१ हे अंतराळाशी संबंधित तीन भाग निवडले होते. घरच्या टीव्हीवर मालिका कृष्णधवल दिसे. चित्रपटाचा काही भाग मात्र रंगीत होता. अ‍ॅटमचे बूट लाल असतात हे पडद्यावर पाहणे, हेच अनेक मुलांना तिकिटाच्या मोलाचे वाटले असणार.

चित्रपट म्हणून हा प्रयोग लंगडाच. तीन सुट्या गोष्टी एकापुढे एक ठेवल्या की एक मोठी गोष्ट होत नाही. अ‍ॅटमची मालिका तशीही अखंड कथा नव्हती. दर आठवड्याला नवे संकट आणि भागाच्या शेवटी सुटका. त्यामुळे इथे झाली ती निवड, संक्षेप नव्हे. संक्षेपाची खरी परीक्षा पुढच्या मालिकेत होती.

लिओला मोठे होऊ का दिले नाही?

‘जंगल सम्राट’ ही तेझुका यांची चित्रकथा १९५० ते १९५४ या काळात प्रसिद्ध झाली. पांढरा सिंह लिओ, त्याच्या जन्मापासून मृत्यूपर्यंत. शिकाऱ्यांनी बापाला मारलेले, आईला जहाजावर कोंडलेले. पिल्लू जहाजावरच जन्मते, पोहत किनारा गाठते, माणसांत राहते, जंगलात परतते, राजा होते, बाप होते आणि म्हातारे होते. वय वाढणे हाच या कथेचा कणा.

६ ऑक्टोबर १९६५ रोजी ती टीव्हीवर आली. ही जपानची पहिली रंगीत अ‍ॅनिमे मालिका मानली जाते. रंगीत काम परवडणार होते ते ‘एनबीसी’च्या पैशांमुळे, आणि पैशांबरोबर अटी आल्या. प्रत्येक भाग स्वतंत्र हवा, कारण अमेरिकेतील स्थानिक केंद्रे भाग कोणत्याही क्रमाने दाखवत. गोष्ट एका भागातून दुसऱ्या भागात वाहता कामा नये. आणि क्रम नसेल तर वय कसे वाढणार? लिओ ५२ भाग बच्चाच राहिला. अमेरिकेत तो ‘किम्बा’ झाला.

मालिकेची सूत्रे एइइची यामामोतो यांच्याकडे होती. खर्च आटोक्यात राहावा म्हणून खुद्द तेझुका यांना रोजच्या निर्मितीपासून दूर ठेवण्यात आले होते. ऐनवेळी दृश्ये बदलण्याची त्यांची सवय सगळ्यांना ठाऊक होती. आपल्याच स्टुडिओत, आपल्याच कथेवर, मालकाला हात लावायची मुभा नाही, अशी ही अवस्था.

७५ मिनिटांत काय साधले?

३१ जुलै १९६६ रोजी, शाळांच्या उन्हाळी सुट्टीत, ‘जंगल सम्राट’ हा ७५ मिनिटांचा चित्रपट तोहो कंपनीने प्रदर्शित केला. जोडीला कंपनीचाच एक राक्षसपट होता, म्हणजे एका तिकिटात दोन. दिग्दर्शन यामामोतो यांचे, संगीत इसाओ तोमिता यांचे.

हिशेब मांडून पाहा. जाहिराती वगळून एक भाग साधारण २५ मिनिटांचा धरला, तर ५२ भागांचे २१ तासांहून अधिक होतात. त्यातून ७५ मिनिटे घ्यायची, म्हणजे १७ मिनिटांतले एक मिनिट ठेवायचे. प्रत्येक प्रसंग थोडा थोडा आखडून हे जमत नाही. सबंध भागच्या भाग सोडून द्यावे लागतात. आठवड्याच्या पाहुण्या प्राण्यांच्या गोष्टी जातात, जाहिरातीपूर्वीचे धक्के जातात, नवीन प्रेक्षकासाठी दर वेळी करून दिलेली ओळखही जाते. ‘बँके’तली तीच धाव दर आठवड्याला खपते, तासाभरात तिसऱ्यांदा आली की प्रेक्षकाला कळते.

आणि उरते काय? सुटे भाग करताना जी साखळी तोडली होती, ती. जन्म, वियोग, जंगलातले परतणे आणि राज्य उभे करणे, हे एका बैठकीत एकामागोमाग पाहता आले. टीव्हीवर क्रमाला किंमत नव्हती, चित्रपटगृहात रीळ उलटसुलट लावता येत नाही. दृश्ये बहुतांश तीच होती, पण ती आता कथा सांगत होती. १९६७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात बालचित्रपटांसाठीचा सेंट मार्क रौप्य सिंह या चित्रपटाला मिळाला.

लिओचे वय वाढलेले दाखवण्यासाठी तेझुका यांनी ऑक्टोबर १९६६मध्ये २६ भागांची दुसरी मालिका आणली. तीत लिओ प्रौढ होता. ‘एनबीसी’चा पैसा मात्र तिच्यामागे नव्हता.

शिष्यांनी काय उचलले?

मुशी प्रॉडक्शनचे आर्थिक गणित शेवटपर्यंत जुळले नाही. तेझुका १९७१मध्ये अध्यक्षपदावरून दूर झाले आणि १९७३मध्ये स्टुडिओ दिवाळखोरीत गेला. त्याच वर्षी त्यांनी ‘ब्लॅक जॅक’ ही परवाना नसलेल्या सर्जनची चित्रकथा सुरू केली आणि तिने त्यांना पुन्हा उभे केले.

स्टुडिओ बुडाला तरी तिथून बाहेर पडलेली माणसे पांगली आणि कामाला लागली. मुशीत व्यवसायाची बाजू पाहिलेले योशिनोबु निशिझाकी यांनी ‘यामातो’ या २६ भागांच्या, पहिल्या प्रसारणात पडलेल्या मालिकेचा सव्वादोन तासांच्या आसपासचा चित्रपट १९७७मध्ये आणला, तेव्हा पहाटेपासून रांगा लागल्या. ‘आशिता नो जो’ ही तर मुशीचीच मुष्टियुद्धाची मालिका. १९८०मध्ये तिचा चित्रपट निघाला. ‘अ‍ॅटम’च्या भागांवर घडलेले योशियुकी तोमिनो यांनी ‘गुंडम’चे ४३ भाग १९८१-८२मध्ये तीन चित्रपटांत बसवले.

रिनतारो यांनी वेगळी वाट धरली. ‘जंगल सम्राट’वर काम केलेल्या या दिग्दर्शकाने १९७९चा ‘गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९’ मालिकेच्या तुकड्यांतून जोडला नाही, सगळा नव्याने काढून घेतला. मालिका तेव्हा टीव्हीवर अजून चालूच होती. शिवाय मालिकेतला लहानगा नायक चित्रपटात काही वर्षांनी मोठा केला. वय वाढवण्याची मुभा त्यांना मिळाली.

लिओचा शेवट कधी दिसला?

तेझुका यांनी आयुष्यात सुमारे दीड लाख पाने काढली. जुनी कथा नव्या आवृत्तीत जाताना ते तिला पुन्हा हात लावत, पाने गाळत, नवी काढत. गौतम बुद्धांच्या जीवनावरील त्यांची ‘बुद्ध’ ही चित्रकथाही मासिकांतून दशकभर चालली. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय साठ. रुग्णालयातही ते काढतच होते; ‘निओ फाउस्ट’ आणि बीथोव्हेनवरील ‘लुडविग बी’ अपुरे राहिले.

मूळ चित्रकथेच्या शेवटी लिओ आणि म्हातारा हिगेओयाजी हिमवादळात पर्वतावर अडकतात. माणूस जगावा म्हणून सिंह स्वतःचा जीव देतो आणि हिगेओयाजी त्याचे कातडे पांघरून खाली उतरतो. तेझुका प्रॉडक्शन्सने १९९७मध्ये ‘जंगल सम्राट लिओ’ हा नवा चित्रपट केला. चित्रकथेचा उत्तरार्ध निवडलेल्या त्या चित्रपटात हा शेवट ठेवला आहे.