एकाच शेताची ६७ वर्षे : सर रोनाल्ड फिशर

संख्याशास्त्राचे नाव काढले की आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे खिडकीबाहेर पाहू लागतात. पण मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आपण ज्यांच्या पद्धतीने आकडे तपासतो, त्या सर रोनाल्ड एल्मर फिशर यांचे चरित्र मुळीच रुक्ष नाही. मला ते आवडते ते एका गव्हाच्या शेतामुळे.

फिशर यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८९० रोजी लंडनमध्ये झाला. वडील लिलावाचा धंदा करीत, घर सुखवस्तू. रोनाल्ड १४ वर्षांचा असताना आई वारली आणि थोड्याच काळात वडिलांचा धंदाही बुडाला. शिक्षण शिष्यवृत्तीवर झाले. दृष्टी इतकी अधू, की विजेच्या दिव्याखाली वाचायला मनाई होती. त्यामुळे गणित तोंडी शिकावे लागले, आणि हा मुलगा कागदावाचून मनातल्या मनात आकृत्या मांडू लागला. पुढे त्यांच्या सिद्धता वाचणारे मधल्या पायऱ्या शोधून हैराण होत, त्याचे मूळ इथे असावे. १९१२ मध्ये केंब्रिजची पदवी मिळाली. महायुद्धात डोळ्यांमुळे सैन्याने नाकारले, म्हणून काही वर्षे शाळेत शिकवले. ते काम त्यांना मानवले नाही.

१९१९ मध्ये ते रॉथमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात गेले. तेथे ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गहू पेरला जात होता. शेताचे पट्टे पाडलेले. कोणत्या पट्ट्याला कोणते खत हे ठरलेले. दरवर्षीच्या उत्पन्नाच्या वह्या साठत गेल्या होत्या. फिशर यांनी त्यांतील ६७ वर्षांचे आकडे घेतले आणि १९२१ मध्ये त्यांचा उलगडा प्रसिद्ध केला. वर्षावर्षाचा चढउतार हवामानाचा; सावकाश होत जाणारी घट जमिनीचा कस उतरल्याची. पण या दोहोंत न बसणारा आणखी एक संथ बदल उरला. त्याचे कारण त्यांनी तणांत शोधले. खुरपणीला पूर्वी लहान मुले असत. १८७६ च्या शिक्षण कायद्यानंतर ती शाळेत जाऊ लागली, आणि तण माजले! गव्हाच्या आकड्यांतून शाळेचा कायदा बाहेर काढणारा हा माणूस मला कादंबरीतल्या गुप्तहेरासारखा वाटतो.

ही वेगवेगळी कारणे निवडून काढण्याच्या रीतीला त्यांनी प्रचरण-विश्लेषण असे नाव दिले. १९२३ मध्ये बटाट्याच्या १२ जातींवरील प्रयोगात त्याचा तक्ता आला, आणि १९२५ च्या त्यांच्या पुस्तकाने ती रीत जगभर गेली. मानसशास्त्रज्ञांनी पुढे शेताच्या जागी माणूस ठेवला.

समजा, काही विद्यार्थ्यांची पाठांतराची चाचणी चार सोमवारी घेतली. एकाला ४०, ४४, ४५, ४९ गुण पडले. दुसऱ्याला ६२, ६४, ६९, ७१. सगळे आकडे एकत्र ओतले तर दोघांमधल्या २२ गुणांच्या अंतरात आठवड्याची लहानशी वाढ बुडून जाते. म्हणून प्रत्येकाची स्वतःची सरासरी आधी बाजूला काढायची. मग उरलेल्या प्रचरणात काळाचा वाटा योगायोगाच्या वाट्याच्या किती पट आहे, ते पाहायचे. या गुणोत्तराला 'एफ' म्हणतात. अमेरिकेच्या स्नेडेकर यांनी फिशर यांच्या सन्मानार्थ ते अक्षर दिले.

मात्र माणूस म्हणजे शेत नव्हे. कोणत्या तुकड्याला कोणते खत, हे चिठ्ठ्या टाकून ठरवता येते (तसे ठरवावे हा आग्रहही फिशर यांचाच). चौथा सोमवार पहिल्याच्या आधी आणता येत नाही. जवळजवळच्या आठवड्यांचे गुण एकमेकांशी अधिक जुळतात, आणि मग नसलेला बदलही आहेसा भासू शकतो. हे तपासण्याची एक कसोटी १९४० मध्ये मॉक्ली यांनी दिली, म्हणजे पुढे एनिॲक संगणक बांधणाऱ्या जोडीतलेच मॉक्ली. १९५९ मध्ये ग्रीनहाऊस व गीसर यांनी त्यावर दुरुस्ती सुचवली. आपल्या विभागात ही पायरी बहुधा गाळली जाते, याचे मला वाईट वाटते.

१९३३ मध्ये फिशर लंडनला प्राध्यापक झाले, १९४३ मध्ये केंब्रिजला. त्याच १९४३ साली वैमानिक असलेला थोरला मुलगा युद्धात गेला. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेचे ते अध्यक्ष होते. शेतीप्रयोगांची त्यांची रीत आपल्याकडे रुजवणाऱ्या पानसे व सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथातील सुखात्मे सातारा जिल्ह्यातले.

उत्तरायुष्याविषयी मात्र मला आदराने लिहिता येत नाही. सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे डॉल व हिल यांनी दाखवल्यावर फिशर यांनी तो निष्कर्ष नाकारला. धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग या दोहोंमागे आनुवंशिकता असू शकेल, असा त्यांचा युक्तिवाद. एकदा तण सापडले, की माणूस सगळीकडे तणच शोधू लागतो काय? शिवाय ते तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते, आणि स्वतः पाइप ओढीत. मानववंश सुधारण्याच्या नावाखाली काहींचे प्रजनन रोखू पाहणाऱ्या सुप्रजननवादाचेही ते आयुष्यभर समर्थक राहिले. २९ जुलै १९६२ रोजी ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे त्यांचे निधन झाले. केंब्रिजमधील त्यांच्या कॉलेजात त्यांच्या स्मरणार्थ रंगीत काचांची खिडकी बसवली होती. त्यांच्या एका प्रयोग-आराखड्याचाच नमुना तिच्यावर होता. सुप्रजननवादामुळे २०२० मध्ये कॉलेजने ती उतरवली. मला तो निर्णय पटतो. ब्रॉडबाल्कवर गहू अजून पेरला जातो.