चमचाभर तेल आणि बेंजामिन फ्रँकलिन

पावसाळ्यात कल्याण स्टेशनबाहेरच्या डबक्यात सांडलेले तेल पाण्यावर दूरवर पसरलेले तुम्ही पाहिले असेल. ते एवढे पसरते कसे, या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्या एका थोर पुरुषाची ही ओळख.

बेंजामिन फ्रँकलिन यांचा जन्म १७०६ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे झाला. वडील साबण व मेणबत्त्या बनवीत. घरात सतरा भावंडे. त्यामुळे दहाव्या वर्षीच शाळा सुटली व बाराव्या वर्षी ते थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागले. वाचन मात्र सुटले नाही. १७३१ साली फिलाडेल्फियात त्यांनी मित्रांच्या साहाय्याने वर्गणी जमवून ग्रंथालय काढले.

१७५७ साली जहाजाने इंग्लंडला जाताना ताफ्यातील दोन जहाजांमागचे पाणी त्यांना विलक्षण शांत दिसले. आचाऱ्यांनी तेलकट पाणी ओतले असावे, असे कप्तानाने काहीशा तुच्छतेने सांगितले. फ्रँकलिन यांनी अपमान विसरून गोष्ट ध्यानात ठेवली.

पुढे लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर त्यांनी तेल ओतून पाहिले. वारा जिकडे वाहत होता त्या काठाने ते फसले. वारा येतो त्या काठाने ओतताच चमचाभर तेलाने सुमारे अर्धा एकर पाणी शांत केले. पोर्टस्मथच्या समुद्रात मात्र किनाऱ्यावरच्या लाटा शमल्या नाहीत. तेही त्यांनी १७७४ च्या आपल्या लेखात न लपविता नोंदविले.

आता वही घ्या. चमचाभर तेल म्हणजे ५ घन सेंटिमीटर, अर्धा एकर म्हणजे सुमारे २ कोटी चौरस सेंटिमीटर. भागाकार करा. थराची जाडी सेंटिमीटरचा ४० लाखावा भाग येते, म्हणजे जवळजवळ एका रेणूइतकी! तेलाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, म्हणून रेणू शेजारी शेजारी पसरतात. हा भागाकार फ्रँकलिन यांनी केला नाही. १७९० साली ते वारले. बरोबर शंभर वर्षांनी लॉर्ड रॅले यांनी असा थर मोजला. १८९१ साली आग्नेस पॉकेल्स यांचे याच विषयावरील प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती, म्हणून त्यांनी ते घरीच केले होते.

पालकहो, फ्रँकलिन यांनी मृत्युपत्रात बॉस्टनच्या शाळांतील मुलांच्या पदकांसाठी १०० पौंड ठेवले होते. आपण निदान आपल्या मुलामुलींची शाळा मध्येच सुटू देऊ नये.