कुर्ल्याची इटालियन मोटार आणि वालचंद हिराचंद

जुन्या इटालियन स्पोर्ट्स कूपे मोटारींचा बाजार हा जगातील हौशी धनिकांचा एक खास प्रांत आहे. दोन दारांच्या, उतरत्या छताच्या आणि हाताने ठोकून आकार दिलेल्या पत्र्याच्या या गाड्यांवर लिलावगृहांत चुरशीने बोली लागते. या बाजारात चिसितालिया २०२ या कूपेला मानाचे स्थान आहे. पिएरो दुसियो या इटालियन उद्योजकाने दुसऱ्या महायुद्धानंतर ही गाडी काढली. तिचे शरीर तुरिनच्या पिनिन फारिना यांच्या कारखान्यात घडले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९५१ मध्ये मोटारींचे प्रदर्शन भरविले तेव्हा ती तेथे शिल्पासारखी मांडण्यात आली होती. जेमतेम पावणेदोनशे गाड्या तयार झालेल्या या कूपेसाठी आज संग्राहक काही लाख डॉलर मोजतात.

या देखण्या गाडीच्या बॉनेटखाली दडलेले इंजिन मात्र अगदी साधे होते. ते होते फियाट ११०० या मध्यमवर्गीय इटालियन मोटारीचे, १०८९ सीसीचे. दांते जाकोसा या अभियंत्याने १९३७ मध्ये सिद्ध केलेल्या या इंजिनाचा वंश पुढे मुंबईत येऊन पोहोचला आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फियाटमध्ये तो अनेक दशके धडधडत राहिला. मुंबई-पुण्याच्या दोन-तीन पिढ्यांनी लग्नाच्या वरातीपासून इस्पितळाच्या वाटेपर्यंत ज्या गाडीतून प्रवास केला, तिचे आणि त्या लाखमोली कूपेचे हे रक्ताचे नाते. ते महाराष्ट्रात ज्यांच्यामुळे जुळले, ते शेठ वालचंद हिराचंद ही गाडी मुंबईच्या रस्त्यांवर रुळलेली पाहायला हयात नव्हते.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे मूळचे गुजरातेतील, जैनधर्मीय दोशी कुटुंबाचे. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा वडिलांचा, हिराचंद यांचा पिढीजात व्यवसाय होता. जन्मानंतर थोड्याच काळात वालचंद आईला पारखे झाले. शालेय शिक्षण सोलापुरात आणि पुढील काही शिक्षण मुंबई व पुणे येथे झाले. पण पदवीपर्यंत ते पोहोचले नाहीत. घरच्या पेढीत बसून व्याजाचे हिशेब करणे त्यांच्या स्वभावाला मानवले नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेतले. एक गुजराती सावकारपुत्र आणि एक ब्राह्मण कारकून यांची ही जोडी त्या काळात लोकांना नवलाची वाटली असल्यास आश्चर्य नाही.

कंत्राटदारीच्या या धंद्यातून त्यांच्या पुढच्या आयुष्याला वळण मिळाले. पहिल्या महायुद्धानंतर टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीच्या माध्यमातून मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटाचे बोगदे खोदण्याचे अवघड काम त्यांनी अंगावर घेतले. तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणाऱ्या प्रचंड नळांचे कामही त्यांच्याकडे होते. १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी हे याच कर्तृत्वाचे फळ. डोंगर फोडण्याचा, हजारो मजूर सांभाळण्याचा आणि सरकारी खात्यांशी झुंजण्याचा अनुभव त्यांना येथे मिळाला. परदेशी कंपन्या जे करतात ते हिंदी माणसाला करता येते, हा विश्वासही येथेच पक्का झाला.

त्या विश्वासाची पहिली मोठी कसोटी समुद्रावर लागली. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्यासह त्यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेली लॉयल्टी ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. हाच दिवस आज देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर पाडून ही नवी कंपनी बुडविण्याचा प्रयत्न केला. पुढे झालेल्या तडजोडीने सिंधियाच्या विस्ताराला मर्यादा घातल्या. बाजारात केवळ चांगला माल असून भागत नाही, बाजाराचे नियम कोणाच्या हाती आहेत हेही पाहावे लागते, हा धडा वालचंदांनी या दर्यावरच्या लढाईत घेतला.

त्यांच्या कर्तृत्वाचा एक धागा पुणे जिल्ह्याच्या मातीशी घट्ट विणलेला आहे. वेल्हे आणि भोरच्या डोंगरदऱ्यांतून वाहत येणाऱ्या वेळवंडी नदीवर भाटघर येथे १९२८ मध्ये मोठे धरण पुरे झाले. भोर तालुक्यात अडविलेले हे पाणी नीरेच्या डाव्या कालव्यातून बारामती आणि इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्याला मिळते. याच कालव्याच्या काठी, इंदापूर तालुक्यातील कळंब परिसरात वालचंदांनी उसाची शेती आणि पाठोपाठ साखर कारखाना उभा केला. माळरानावर वसलेल्या त्या वसाहतीला वालचंदनगर हे नाव मिळाले. भोर-वेल्ह्याच्या पावसाने भिजणाऱ्या या नगरीत पुढे अवजड यंत्रे घडू लागली आणि तेथील कारखान्याने भारताच्या अवकाश कार्यक्रमासाठीही भाग तयार केले. शेत, कारखाना, वसाहत आणि यंत्रशाळा यांची एकमेकांना जोड देण्याची वालचंदांची पद्धत येथे स्पष्ट दिसते.

मोटारीचा ध्यास त्यांनी घेतला तो १९३० च्या दशकात. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी हिंदुस्थानात मोटारनिर्मितीची योजना आखली होती. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तिला अनुकूलता दाखविली. त्या वेळी देशात परदेशी कंपन्या सुटे भाग आणून मोटारी जोडत असत; पण मोटार येथे घडत नव्हती. वालचंदांनी ही योजना उचलून धरली आणि ते अमेरिकेला गेले. फोर्ड कंपनीशी त्यांची बोलणी झाली. मात्र फोर्डचा हिंदुस्थानातील व्यवहार कॅनडातील कंपनीच्या ताब्यात होता आणि जमले काहीच नाही. अखेर १९४० मध्ये क्रायस्लर कंपनीशी त्यांचा करार झाला.

करार हाती आला, पण परवानगी आली नाही. महायुद्ध सुरू झाले होते. यंत्रसामग्रीसाठी परकीय चलन हवे होते आणि लष्कराकडून गाड्यांच्या मागणीची हमी हवी होती. युद्धप्रयत्नांसाठी या कारखान्याची गरज नाही, अशी भूमिका सरकारने घेतली. सैन्यासाठी हजारो वाहने परदेशातून जहाजांनी येत असताना ती येथे बनविण्याची तयारी दाखविणाऱ्या माणसाला नकार मिळत होता. खेर मंत्रिमंडळही १९३९ अखेर पायउतार झाले होते. त्यामुळे प्रांतिक सरकारचा आधारही उरला नव्हता.

वालचंद मात्र थांबले नाहीत. याच अमेरिकावारीत विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी विमान-उद्योजकाशी गाठ पडली. त्या ओळखीतून, म्हैसूर संस्थानाच्या साह्याने, २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. मोटार बनविण्याची मुभा नाकारलेल्या माणसाने विमानाचा कारखाना काढला. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली. तेथे बांधलेली जलउषा ही आगबोट १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. विमान कारखाना १९४२ मध्येच सरकारने ताब्यात घेतला आणि जहाज कारखानाही १९५२ मध्ये सरकारकडे गेला. लावलेली झाडे दुसऱ्याच्या अंगणात वाढताना पाहण्याचा योग त्यांच्या वाट्याला वारंवार आला.

मोटारीचे स्वप्न १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या रूपाने मार्गी लागले आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या क्रायस्लर घराण्यातील होत्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ या मोटारी आणि त्यांच्या जोडीला ट्रक. ऐसपैस आणि दणकट अशा या अमेरिकी गाड्या संस्थानिक आणि गिरणीमालक यांना शोभणाऱ्या होत्या. पण पेट्रोल भरपूर पिणारी आणि महागडी गाडी किती लोक घेणार? स्वतंत्र झालेल्या गरीब देशाचा मोटारबाजार आधीच चिमुकला होता. वकील, डॉक्टर, वरिष्ठ अधिकारी, पेढीवाले हा नवा ग्राहक लहान, काटकसरी आणि खराब रस्त्यावर टिकणारी गाडी शोधत होता.

याचे उत्तर युद्धाने पोळलेल्या इटलीत होते. तेथेही पेट्रोल महाग होते, रस्ते अरुंद होते आणि मध्यमवर्ग नुकता सावरत होता. फियाटच्या ५०० आणि ११०० या छोट्या मोटारी त्या परिस्थितीला साजेशा होत्या. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी प्रीमियर आणि फियाट यांचे सहकार्य सुरू झाले व इटालियन गाड्या कुर्ल्यात जोडल्या जाऊ लागल्या. तोवर वालचंदांची प्रकृती ढासळली होती. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यानंतर ते कारभारातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फियाटने नव्या बांधणीची ११०० जगापुढे आणली, आणि त्याच वर्षी टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार, देशात प्रत्यक्ष उत्पादन करणाऱ्या कंपन्यांनाच वाव देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथून काढता पाय घेतला. वालचंद ज्या संरक्षणासाठी परक्या सरकारच्या पायऱ्या झिजवत राहिले, ते स्वकीयांच्या सरकारने त्यांच्या मृत्यूच्या वर्षी दिले.

त्यानंतरचा इतिहास शहरी वाचकांच्या घरातलाच आहे. १९५४ पासून आलेल्या गोलमटोल फियाट ११०० ला मुंबईकरांनी प्रेमाने डुक्कर फियाट म्हटले. साठच्या दशकात डिलाइट आली, १९७२ मध्ये प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये पद्मिनी. गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि हाती आलेली नवी गाडी लगेच विकली तर वर ‘ऑन’ मिळे. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत याच फियाट सुधारून धावत आणि त्या इंजिनात दडलेली स्पोर्ट्स कूपेची नस क्षणभर जागी होई.

या यशाला काळी बाजूही होती. संरक्षणाच्या भिंतीआड स्पर्धा उरली नाही आणि इटलीत केव्हाच मागे पडलेली गाडी येथे थोड्याफार फरकाने दशकानुदशके बनत राहिली. ग्राहकाला निवडीला वाव नव्हता. वालचंदांनी मागितलेले संरक्षण उद्योगाला पायावर उभे करण्यासाठी होते. पुढे ते कायमची कुबडी झाले. याचा दोष वालचंदांच्या पदरी घालता येत नाही. पण सरकारी आश्रयावर उभ्या राहणाऱ्या उद्योगाचा हा धोका त्यांच्या स्वप्नातच दडलेला होता, हेही नाकारता येत नाही. मारुतीच्या आगमनानंतर आणि १९९१ च्या उदारीकरणानंतर पद्मिनी फार काळ तग धरू शकली नाही. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचे उत्पादन संपुष्टात आले. २००३ मध्ये नोंदलेली मुंबईची अखेरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

आता या गाडीचाही बाजार बदलला आहे. पन्नास वर्षे ओलांडलेल्या वाहनांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणीची सोय झाली. भंगाराच्या भावाने जाणाऱ्या डुक्कर फियाट हौशी मंडळी शोधून काढतात, मूळ रंग, मूळ दिवे, मूळ इंजिन जुळवतात. चिसितालियाच्या खरेदीदाराचे निकषही हेच असतात. मात्र कूपेची किंमत तिच्या दुर्मिळतेतून येते, तर फियाटची ओढ ती घरोघरी होती यातून येते.

वालचंद हिराचंद यांच्या आयुष्याचा हिशेब मांडताना त्यांच्या हातून किती कारखाने निसटले हे मोजण्याची प्रथा आहे. जहाज, विमान आणि मोटार हे तीनही उद्योग या देशात उभे राहू शकतात, हे त्यांनी स्वातंत्र्यापूर्वीच ताडले. ते सिद्ध करण्यासाठी प्रत्येक वेळी बाजार तयार होण्याआधी पैसा, प्रतिष्ठा आणि प्रकृती पणाला लावली. फळे बहुधा इतरांनी चाखली. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, इंदापूरची नगरी आणि एखाद्या गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी फियाट यांतून सोलापूरच्या या उद्योगपुरुषाची ओळख आजही टिकून आहे.