डॉ. जेरुशा झिराड : आपल्या समाजाचे भूषण

बहरीनमध्ये परिचारिका म्हणून नोकरी करताना कुणी विचारले, बेने इस्राएल म्हणजे कोण, की आम्ही डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव सांगत असू. शिमोग्यात जन्मलेल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या जेरुशाबाईंची बहीण मुंबईच्या कामा हॉस्पिटलात बरी झाली, तेव्हाच बाईंनी डॉक्टर होण्याचे ठरविले. १९१९ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. मिळविली. १९२८ ते १९४७ त्या कामा हॉस्पिटलच्याच प्रमुख होत्या. मुंबईत बाळंतपणात माता का दगावतात, याची त्यांनी कसून पाहणी केली. विद्यापीठाने दिलेला मान स्वतःपुरता न ठेवता १९४७ ते १९५७ त्यांनी भारतातील महिला डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्षपद सांभाळले. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परदेशी वाढणाऱ्या आपल्या नातवंडांना हे नाव अवश्य सांगावे.