मातीचा शिक्षक : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे नाव निघताच भुईमूग आठवतो. वीणा गवाणकर यांच्या चरित्रग्रंथाने त्यांना मराठी घराघरांत पोहोचविले. तथापि, या थोर संशोधकाची खडतर कसोटी कृषिशिक्षणाच्या दैनंदिन कारभाराने पाहिली.

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात गुलामगिरीच्या अखेरच्या काळात त्यांचा जन्म झाला. आयोवातील कृषी महाविद्यालयाची पदव्युत्तर पदवी संपादन करून, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या निमंत्रणावरून, १८९६ मध्ये ते अलाबामातील टस्कीगी येथे कृषिविभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. तेथे प्रयोगशाळा नव्हती. टाकाऊ बाटल्या व भांडी गोळा करून त्यांनी ती उभी केली. कापसाच्या सततच्या पिकाने जमीन निःसत्त्व झाली होती आणि शेतकाम म्हटले की अनेक विद्यार्थ्यांना गुलामीची आठवण होई.

याहून बिकट प्रश्न व्यवस्थेचा होता. संस्थेच्या शेतीने विद्यार्थ्यांना शिकवावे, प्रयोगांना जागा द्यावी आणि भोजनगृहाची गरजही भागवावी, अशी तिहेरी अपेक्षा होती. अध्यापन, संशोधन, शेती आणि कुक्कुटपालन यांचा भार एकाच माणसावर पडला. प्रयोगात रमणाऱ्या कार्व्हरांना हिशेब व टिपणे यांचा मेळ घालणे जमेना. १९०४ मध्ये कुक्कुटपालनाचे अहवाल फुगवून दिल्याचा ठपका चौकशी समितीने त्यांच्यावर ठेवला. राजीनाम्याची भाषाही झाली. वॉशिंग्टन यांना शिस्त हवी होती, तर कार्व्हरांना सवड. दोघांचीही मागणी रास्त होती. अखेर १९१० मध्ये शेतीचा कारभार दुसऱ्याकडे सोपवून कार्व्हरांसाठी स्वतंत्र संशोधन विभाग करण्यात आला.

मात्र त्यांचा वर्ग संस्थेच्या कुंपणात कधीच मावला नव्हता. शेतकऱ्यांचे मासिक मेळावे त्यांनी भरविले, सोप्या भाषेत चाळीसहून अधिक पत्रिका लिहिल्या. १९०६ मध्ये अवजारे व बियाणी घेऊन खेडोपाडी जाणारी घोडागाडी त्यांच्याच आराखड्यानुसार सुरू झाली. शाळेपर्यंत येऊ न शकणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर शाळा जाऊ लागली.

५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्यभराची ६०,००० डॉलरहून अधिक बचत त्यांनी संशोधनासाठी अर्पण केली होती. शिक्षकाला हिशेबनीस करून शाळा चालत नाही आणि हिशेबाविनाही ती टिकत नाही. ही दोन्ही कामे योग्य हातांत सोपविण्याचा धडा त्यांचे जीवन आजही देते.