लोकनायक बापूजी अणे

वणी हे यवतमाळ जिल्ह्यातील निर्गुडा नदीच्या काठी वसलेले गाव होय. येथे २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे यांचा जन्म झाला. त्यांच्या घराण्यात संस्कृत विद्येची परंपरा होती. कायद्याचे शिक्षण पूर्ण करून ते यवतमाळ येथे वकिली करू लागले. लोकमान्य टिळकांना ते गुरुस्थानी मानीत. लोक त्यांना प्रेमाने 'बापूजी' आणि आदराने 'लोकनायक' म्हणत.

१९३० साली महात्मा गांधींनी दांडीच्या समुद्रकिनारी मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडला समुद्र नाही. तेव्हा येथील जनतेने कोणता कायदा मोडावा, असा प्रश्न उभा राहिला. बापूजींची दृष्टी सभोवतालच्या जंगलाकडे वळली. सरकारने विस्तीर्ण जंगले राखीव केली होती. परवान्यावाचून तेथे गवत कापणे वा गुरे चारणे हा गुन्हा ठरत असे. ज्या शेतकऱ्याची बैलजोडी जंगलच्या चाऱ्यावर जगे, तोच त्या जंगलाला परका झाला होता.

१० जुलै १९३० रोजी बापूजींनी स्वयंसेवकांसह पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदेभंग केला. झाडावर कुऱ्हाड न चालवता त्यांनी केवळ गवत कापले. गवत पावसाबरोबर पुन्हा उगवते. तोडलेला साग मात्र एका पिढीत वाढत नाही. बापूजींना अटक होऊन सहा महिन्यांची शिक्षा झाली. परंतु जंगल सत्याग्रहाचे लोण वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात खेडोपाडी पोहोचले.

पुढे बापूजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. पण १९४३ साली गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी सरकारचे धोरण न पटल्यामुळे त्यांनी त्या पदाचा त्याग केला. स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५२ या काळात ते बिहारचे राज्यपाल होते. टिळकांच्या जीवनावर त्यांनी संस्कृतात महाकाव्य रचले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण हा किताब देण्यात आला, तर १९७३ साली त्यांच्या महाकाव्यास मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

बापूजींचा लढा स्वातंत्र्याचा होता. हवामानबदलाचा प्रश्न तेव्हा लोकांपुढे आला नव्हता. आज त्याच जंगलांवर हे नवे संकट आले आहे. वणीच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतीच होत. जगभर कोळसा व खनिज तेल जाळल्याने त्यांतील कार्बन हवेत मिसळतो आणि पृथ्वी तापते. मग पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो आणि मध्ये दीर्घ उघडीप पडते. उन्हाळ्यात पाणवठे लवकर आटतात, वाळलेल्या पाल्यात वणवा झपाट्याने पसरतो आणि तहानलेली जनावरे गावाकडे येतात. जिवंत जंगल मात्र हवेतील कार्बन आपल्या लाकडात व मातीत साठवते, सावली देते आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरवते.

असे जंगल कोणी राखावे? २००६ च्या वनहक्क कायद्याने वनावर जगणाऱ्या गावांना वनाचा उपभोग घेण्याचा आणि त्याचे रक्षण करण्याचा हक्क दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली असा सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभा एकमताने निर्णय घेऊन आपले जंगल सांभाळते.

मुलांनो, बापूजींनी गवताची एक पेंढी कापून जंगलावरील लोकांचा हक्क सांगितला. तो हक्क आता बऱ्याच अंशी कायद्याने मान्य झाला आहे. वणवा दिसताच तो विझवणे, पाणवठा राखणे, जगेल तेवढेच रोप लावून ते जगवणे, हे त्या हक्काबरोबर आलेले कर्तव्य होय. ते पार पाडले, तरच पुढच्या पिढीला हक्क सांगण्यासाठी जंगल उरेल.